ब्राउझरमधल्या टर्मिनलवर 'ओझर' आलं की पुढची अक्षरं गायब: मराठी फाइली वाचवायच्या आहेत

दिंडोरीकर
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटाचा एक छोटा लिनक्स सर्व्हर आहे. फवारणीच्या नोंदी, पॅकहाउसला आलेल्या क्रेटचा हिशेब, गावनिहाय याद्या, सगळं साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवतो. फाइलींची नावं मराठी, आतला मजकूरही मराठी. चार वर्षं मी एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) हे सांभाळतोय आणि घरच्या लॅपटॉपवर आजवर एक अक्षर हललेलं नाही.

यंदा हंगामाआधी गटातल्या इतरांनाही नोंदी बघता याव्यात म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून ब्राउझरमध्ये उघडणारं टर्मिनल, म्हणजे सर्व्हरला लिहून आदेश देण्याची खिडकी, बसवून घेतलं. पानावर टर्मिनल रंगवणारं एक्सटर्म.जेएस, सर्व्हरवर पायथनचा एक छोटा प्रोग्राम, मध्ये दोघांना जोडून ठेवणारं वेबसॉकेट. इंग्रजी झकास चालतं. मराठीचं मात्र वाटोळं झालंय. फाइलींची यादी मागितली की नावांऐवजी तिरक्या रेघा आणि आकडे येतात. फाइल उघडली तर परदेशी चिन्हांची रांग. त्यातही दोन गोष्टी मला कळेनात. 'अंबड' आलं की मध्येच नवी ओळ सुरू होते, आणि 'ओझर' आलं की त्यापुढची अक्षरं गायब. काल पूर्ण यादी छापली तर ओझरनंतरच्या ओळीचा अर्धा भाग दिसलाच नाही.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाला विचारलं. "फाइलींची नावं इंग्रजीत करून टाका" एवढंच उत्तर आलं. ते मला करायचं नाही. ज्यांच्या नोंदी आहेत त्यांना त्या वाचता आल्याच पाहिजेत. कुणी वाट दाखवेल का?

रात्रपाळी_सातपूर
सोमवार, रात्री १०.१५

दादा, आधी कशालाही हात लावू नका. तीन गोष्टी करून इथे लिहा.

फाइलींच्या यादीत नेमके कोणते आकडे दिसतात? तीच यादी कॅट या मजकूर छापणाऱ्या कमांडमधून पाइप केली, म्हणजे तिच्याकडे वळवली, तर काय दिसतं? आणि फक्त 'नाशिक' एवढा एकच शब्द असलेली फाइल छापली तर कोणती चिन्हं येतात? चिन्हांचं वर्णन करा, जमेल तेवढं बारकाईने. कचऱ्याचा चेहरा ओळखता आला की निम्मं काम झालं.

दिंडोरीकर
सोमवार, रात्री ११.०५

केलं. यादीत तिरकी रेघ ३४०, तिरकी रेघ २४४, तिरकी रेघ २५० असं सुरू होतं. पाइप केल्यावर आकडे जाऊन परदेशी चिन्हं येतात.

'नाशिक'च्या जागी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, मग चार कोपऱ्यांना टोकं असलेलं छोटं वर्तुळ, मग दोन टिंबं. पुन्हा ए, वर्तुळ, आणि पाऊण लिहितात तसा अपूर्णांक. पुन्हा ए, वर्तुळ, आणि परिच्छेदाची खूण. पुन्हा ए, वर्तुळ, उलटं प्रश्नचिन्ह. शेवटी नुसतं ए आणि वर्तुळ. 'गोदावरी' लिहून पाहिलं तर त्यात दोन ठिकाणी वर्तुळाऐवजी जपानी येनचं चिन्ह आहे.

रात्रपाळी_सातपूर
मंगळवार, पहाटे १.३०

कामावरून येऊन आता बसतोय, पण हे वर्णन वाचून राहवलं नाही. तुमचे बाइट शंभर टक्के शाबूत आहेत. फाइली खराब झालेल्या नाहीत, हे आधी मनावर घ्या आणि झोपा.

युनिकोड म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक. देवनागरीचा त्यातला पट्टा ०९०० ते ०९७एफ (हे क्रमांक आणि पुढचे बाइट षोडशमान पद्धतीत) असा आहे, १२८ जागांचा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला नेहमी ई०. दुसरा पट्ट्याच्या पहिल्या निम्म्यात ए४, दुसऱ्या निम्म्यात ए५. तिसरा बदलता. आता हे तीन बाइट कुणी लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी, एका अक्षराला एक बाइट अशी पद्धत) समजून एकेक वाचले तर ई० म्हणजे तिरक्या रेघेचा ए, ए४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह आणि ए५ म्हणजे येन. 'नाशिक'मधली पाचही चिन्हं पहिल्या निम्म्यातली आहेत, म्हणून सगळीकडे वर्तुळ. 'गोदावरी'तला ओकार आणि शेवटची दीर्घ वेलांटी दुसऱ्या निम्म्यात पडतात, तिथे येन. काना म्हणजे तुम्हाला दिसलेला पाऊण, ऱ्हस्व वेलांटी म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह. एकदा हे डोळ्यात बसलं की कचराही वाचता येतो.

मग 'क'चं तिसरं चिन्ह कुठे गेलं? कचा तिसरा बाइट ९५. लॅटिन-१ मध्ये ८० ते ९एफ हा भाग अक्षरांसाठी नाहीच, तिथे टर्मिनलचे नियंत्रण संकेत राहतात. तुमची दोन्ही कोडी इथेच सुटतात. अ चा तिसरा बाइट ८५, आणि ८५ म्हणजे टर्मिनलच्या भाषेत 'पुढच्या ओळीवर जा'. म्हणून अंबड फुटतं. झ चा तिसरा बाइट ९डी. तो म्हणजे 'यापुढे खिडकीच्या मथळ्यासारखा मजकूर येतोय, पडद्यावर छापू नकोस'. म्हणून ओझरनंतर टर्मिनल मुकाट्याने अक्षरं गिळत बसतं, दुसरा एखादा नियंत्रण संकेत येऊन त्याला बाहेर काढेपर्यंत. छ चा ९बी. त्याने तर थेट कर्सर हलवण्याचा, रंग बदलण्याचा आदेश सुरू होतो. छाटणीच्या नोंदी उघडल्या असत्या तर पडदा याहून वेडावाकडा झाला असता.

हे बहुधा ब्राउझरच्या बाजूला घडतंय. त्या मुलाने बाइट बेस-६४ करून, म्हणजे साध्या रोमन अक्षरांत बदलून, पाठवले असतील आणि पानावर ते 'एटूबी' फंक्शनने उलगडले असतील. त्या फंक्शनमधून मजकूर मिळत नाही. एका बाइटला एक अक्षर अशी माळ मिळते. ती तशीच टर्मिनलला दिली की नेमकं तुम्हाला दिसतंय तेच दिसतं.

आता आकड्यांचं. ते वेगळंच दुखणं आहे आणि सर्व्हरवरचं आहे. ३४०, २४४, २५० हे 'न'चेच तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडला वाटतंय की आपण 'सी' लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषेची आणि लिपीची सेटिंग) आहोत, इंग्रजीपलीकडे काही छापण्यासारखं नाही. म्हणून ती बाइट आकड्यांत लिहिते. पाइप केल्यावर ती हा सोपस्कार सोडून बाइट जसेच्या तसे देते, म्हणून चित्र बदललं. तुम्ही एसएसएचने जाता तेव्हा तुमच्या लॅपटॉपचं लोकेल सोबत जात असणार. पायथनचा प्रोग्राम सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेने, सुरू होतो, त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. सर्व्हिसच्या फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या ओळीत 'लँग' व्हेरिएबलला एमआर-अंडरस्कोर-आयएन-डॉट-यूटीएफ-८ द्या. ते लोकेल आधी तयार केलेलं असावं लागतं. नसेल तर सी-डॉट-यूटीएफ-८ चालेल, बाइटपुरता तेवढ्याने प्रश्न मिटतो.

दोन दुखणी एकाच पडद्यावर दिसली की माणूस गोंधळतो. एक सुधारलं तरी दुसरं तसंच दिसतं आणि वाटतं काहीच फरक पडला नाही. म्हणून एकेक करा.

गंगापूर_रोड
मंगळवार, सकाळी ८.५०

माहिती उत्तम. तरी एक विचारतो, राग मानू नका. फाइलींची नावं रोमनमध्ये आणि आतला मजकूर मराठीत असं केलं तर निम्मा त्रास वाचणार नाही का? माझ्या ऑफिसात आम्ही तसंच करतो.

दिंडोरीकर
मंगळवार, सकाळी ९.२०

राग कसला. करून पाहिलंय, सुरुवातीच्या वर्षी. आमच्या तालुक्यात वणी आहे आणि गटात वाणी आडनावाची तीन घरं आहेत. रोमनमध्ये दोन्ही एकच. शिवाय कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. ओझर कुणी झेडने लिहितं, कुणी जे-एचने. एका हंगामात एकाच शेतकऱ्याच्या फवारणीच्या नोंदी तीन फाइलींत विखुरल्या. माल परदेशी जातो तेव्हा औषधाची फवारणी आणि काढणी यातले दिवस मोजून दाखवावे लागतात. त्या वेळी रात्रभर बसून त्या जुळवल्या. मराठीत वणी ती वणी आणि वाणी ते वाणी.

ग्रंथयादी_नाशिकरोड
मंगळवार, सकाळी ११.००

दिंडोरीकर दादा, अगदी पटलं. मी वाचनालयाची यादी सांभाळते, तिथेही हेच.

एक सावधगिरी मात्र. मराठीतही एकच नाव दोन प्रकारे साठवलं जातं. 'शेतकऱ्यांची यादी' मधला ऱ्य बघा. तो अर्धा र एकतर ०९३१ या स्वतंत्र चिन्हाने येतो, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनी. कुणी साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरूनही तसाच आकार काढतं. डोळ्याला सगळे सारखे, संगणकाला वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या सामान्यीकरणात (एकाच अक्षराची रूपं सारखी करण्याच्या प्रक्रियेत) एक होतात, तिसरा होत नाही. जुन्या मॅकच्या एचएफएस-प्लस डिस्कवरून आलेल्या फाइलींची नावं तर हमखास सुट्या रूपात असतात. नाव समोर दिसतंय आणि तरी 'फाइल सापडली नाही' असा निरोप आला, तर व्हिम या मजकूर संपादकात ते नाव चिकटवून त्या अक्षरावर कर्सर ठेवा आणि जी-८ दाबा, बाइट दिसतात.

दिंडोरीकर
मंगळवार, रात्री १०.३०

प्रगती आहे! लँग दिल्यावर यादीतले आकडे गेले. मुलाला रात्रपाळी दादांचा प्रतिसाद दाखवला. त्याने बेस-६४ काढून टाकलं, आता पायथनमध्येच बाइटचा मजकूर करून पाठवतो. 'नाशिक' छापलं आणि पडद्यावर मराठी आलं. ओझरपुढची सगळी गावं दिसली. आईला बोलावून दाखवलं.

पण मोठ्या फाइलीत मध्येमध्ये काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. एखादं अक्षर जातं आणि त्या जागी अशा दोन किंवा तीन चौकटी. त्याच फाइलीत, त्याच जागी. छोट्या फाइलीत एकही नाही.

रात्रपाळी_सातपूर
बुधवार, पहाटे २.१०

त्याच जागी येतं हे तुम्ही टिपलंत, फार मोलाचं. तो प्रोग्राम एका वेळी १०२४ बाइट वाचत असेल, आणि प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र मजकूर करत असेल, चुकीचे बाइट दिसले तर चौकट टाकून. बरोबर?

हिशेब करून बघा. १०२४ला ३ने भागलं की बाकी १ उरते. निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी ३४१ चिन्हं पूर्ण होतात आणि ३४२व्या चिन्हाचा एकच बाइट आत येतो. उरलेले दोन पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी. तिन्ही निरर्थक ठरतात, तीन चौकटी. दुसऱ्या सीमेवर दोन बाइट इकडे, एक तिकडे. अर्धवट जोडीची एक आणि एकट्याची एक, अशा दोन चौकटी. तिसऱ्या सीमेवर ३०७२, ३ने नि:शेष भाग जातो, काहीच तुटत नाही. पुन्हा तीन. तुमच्या फाइलीत मोकळ्या जागा आणि ओळी तोडणारे एकेक बाइट आहेत, त्यामुळे क्रम थोडा सरकेल. दोन किंवा तीनच चौकटी का येतात ते मात्र यातून कळतं.

इंग्रजीत हा दोष कधीच दिसत नाही, कारण तिथे अक्षर म्हणजेच बाइट, तुकडा कुठेही तोडा. त्या मुलाने इंग्रजीत तपासून सोडलं असणार. त्याला बोलू नका, मी स्वतः हीच चूक केलेली आहे.

उपाय दोन. पायथनमध्ये कोडेक्स मॉड्यूलचा इन्क्रिमेंटल डिकोडर वापरा, तो उरलेले बाइट हातात धरून पुढच्या तुकड्याची वाट बघतो. किंवा, माझ्या मते जास्त चांगलं, सर्व्हरने मजकूर करायच्या भानगडीत पडूच नये. बाइट आहेत तसे वेबसॉकेटच्या बायनरी फ्रेममधून (कच्च्या बाइटच्या पाकिटातून) पाठवावेत, पानावर सॉकेटचा बायनरी प्रकार 'अ‍ॅरेबफर' करावा आणि ते थेट एक्सटर्म.जेएसला युइंट-८ अ‍ॅरे म्हणून द्यावेत. त्याच्या आतला डिकोडर तुकड्यांमधले अर्धवट बाइट लक्षात ठेवतो. मजकुराच्या फ्रेममधून कच्चे बाइट मात्र कधीही पाठवू नका. वेबसॉकेटच्या २०११ सालच्या मानकानुसार मजकुराचा पूर्ण संदेश वैध यूटीएफ-८ असावाच लागतो. अक्षर अर्धं तुटलं तर ब्राउझर जोडणीच बंद करतो.

यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बांधलं. त्यातला एक गुण मला फार आवडतो: कुठल्याही बाइटकडे बघून कळतं की हा अक्षराचा पहिला आहे की मधला. म्हणूनच तुमचं एखादंच अक्षर गेलं आणि पुढचा मजकूर लगेच सावरला.

मेनरोड_छापखाना
बुधवार, सकाळी १०.१५

आमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या मराठी फाइली आहेत. टर्मिनलवर उघडल्या की रोमन अक्षरांचा गोळा. वरच्यापैकी कोणता उपाय चालेल?

रात्रपाळी_सातपूर
बुधवार, सायंकाळी ७.००

त्या फाइली युनिकोडमध्ये नाहीतच. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा काढलेला असे. फॉन्ट बदलला की मजकूर गेला. टर्मिनलची कुठलीही सेटिंग इथे कामाची नाही, त्या त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. मूळ फाइल आणि फॉन्ट दोन्ही जपून ठेवा. त्याच काळात भारतीय मानक ब्युरोचं १९९१चं इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक होतं. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली, त्यामुळे इस्कीच्या फाइली असतील तर रूपांतर बरंच सोपं.

ग्रंथयादी_नाशिकरोड
बुधवार, रात्री ८.४५

बाइटचं मार्गी लागतंय, तर पडद्याच्या अवस्थांबद्दल थोडं लिहिते. दिंडोरीकर दादांच्या गटातल्या लोकांना पुढे हे भेटणारच.

टर्मिनल हे आठवण ठेवणारं यंत्र आहे. आधी आलेल्या संकेतांवरून ते कुठल्या तरी अवस्थेत असतं आणि पुढचा प्रत्येक बाइट त्या अवस्थेत वाचतं. कुणी चुकून फोटोची फाइल कॅट केली की त्यात एस्केप, उघडा कंस आणि शून्य असे तीन बाइट लागोपाठ येऊ शकतात. हा १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासूनचा संकेत, रेघांचा अक्षरसंच लावण्याचा. त्यानंतर लहान रोमन अक्षरं चौकटीच्या रेघा होतात: क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी, एल, के, एम, जे म्हणजे चार कोपरे. आमच्या वाचनालयात हे झालं तेव्हा मोठी अक्षरं, आकडे आणि मराठी सगळं ठीक होतं, फक्त प्रॉम्प्टमधलं लहान इंग्रजी रेघोट्या झालं. त्या संचात तेवढ्याच जागा बदलतात, देवनागरीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. दिसत नसलं तरी 'रिसेट' टाइप करून एंटर दाबा, जागेवर येतं.

उलटंही होतं. मेनूच्या चौकटीऐवजी एल-क्यू-क्यू-क्यू-के अशी अक्षरं दिसतात. म्हणजे प्रोग्राम जुन्या पद्धतीने रेघा मागतोय आणि टर्मिनल यूटीएफ-८ मध्ये असल्यामुळे तो संच बदलायला तयार नाही. क्रोमच्या एचटर्ममध्ये तर यूटीएफ-८ कुलूपबंद ठेवण्याची सोयच आहे, मुद्दाम, म्हणजे भलत्या बाइटने पडदा बिघडू नये. अशा वेळी मेनू रंगवणाऱ्या एनकर्सेस लायब्ररीला एनकर्सेस-नो-यूटीएफ-८-एसीएस या व्हेरिएबलने १ सांगितलं की ते युनिकोडच्या रेघा वापरतं. मी ही ओळ सगळ्यांच्या खात्यात घालून ठेवली आहे.

आणि ब्राउझरचं स्वतःचं एक दुखणं. पान रिफ्रेश केलं की टर्मिनल कोरं होतं, सगळ्या अवस्था विसरतं. सर्व्हरवर चालू असलेला प्रोग्राम मात्र समजतो की दुसरा पडदा लावलेला आहे, माउस चालू आहे, बाणांची बटणं त्याच्या पद्धतीने येताहेत. मग बाण दाबले की भलतंच काही होतं. म्हणून ब्राउझरमधलं सत्र नेहमी टीमक्स या सत्र जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या आत चालवा. नव्याने जोडलं की टीमक्स सगळ्या अवस्था पुन्हा लावून पडदा नव्याने रंगवतो. त्याला सुरू करताना यू हा पर्याय द्या, म्हणजे लोकेल काहीही असलं तरी ते यूटीएफ-८ धरतं.

गंगापूर_रोड
बुधवार, रात्री ९.३०

वाचनखूण साठवली. ताई, रेघांचं हे आमच्या ऑफिसात झालं होतं, आम्ही टर्मिनल बंद करून नवं उघडायचो. धन्यवाद.

दिंडोरीकर
गुरुवार, रात्री १०.००

बायनरी फ्रेम केल्या. एकही चौकट नाही, सगळ्यात मोठी फाइल दोनदा वाचून काढली.

आता एकच उरलं. अक्षरं बरोबर आहेत पण दिसतात विस्कटलेली. 'नाशिक'मधली शि ची वेलांटी श नंतर वेगळ्या घरात पडते, खाली टिंबांचं वर्तुळ घेऊन. काना दूर. 'पुणे' मात्र व्यवस्थित. पुण्याचं व्यवस्थित आणि नाशिकचं मोडकं, हे जिव्हारी लागतंय!

रात्रपाळी_सातपूर
शुक्रवार, पहाटे १.५०

याचं कारण बाइटमध्ये नाही. ते टर्मिनलच्या मुळाशी आहे.

टर्मिनल म्हणजे सारख्या घरांचा तक्ता, ८० आडवी, २४ उभी. कर्सर कुठे आहे हे सर्व्हरवरचा प्रोग्राम आणि पडदा दोघेही स्वतंत्रपणे मोजतात, त्यामुळे कुठल्या चिन्हाला किती घरं यावर दोघांचं एकमत लागतं. त्यासाठी केंब्रिजच्या मार्कस कून यांनी लिहिलेलं डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन बऱ्याच जणांनी उचललं. एक्सटर्म.जेएसचा मूळ तक्ताही त्याच वळणाचा. त्यात उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शून्य घरं. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार यांना मात्र एकेक घर, कारण युनिकोड त्यांना 'जागा घेणारी' चिन्हं म्हणतं.

मोजा. पुणे: प ला एक, उकार शून्य, ण ला एक, मात्रा शून्य. दोन घरं. नाशिक: न, काना, श, वेलांटी, क. पाच घरं, आपण वाचतो तीन अक्षरं. त्र्यंबकेश्वर: तेरा चिन्हं, एकोणचाळीस बाइट, आठ घरं, आपल्या तोंडात पाच अक्षरं. एकाच शब्दाच्या चार लांब्या.

वेलांटी साठवली जाते श नंतर आणि काढायची असते श च्या आधी. ती उलटापालट ब्राउझर उत्तम करतो, पण त्याला शब्द एकत्र मिळाला तर. टर्मिनल एकेक घर सुटं रंगवतं. वेलांटी एकटी सापडली की फॉन्ट तिला टिंबांच्या वर्तुळावर बसवतो. वेबजीएलचं (ग्राफिक्स चिपवरचं) रेखाटन चालू असेल तर हे जास्तच जाणवतं, तिथे प्रत्येक घराचं चित्र वेगळं काढून साठवलेलं असतं.

युनिकोडमध्ये अक्षरगुच्छांचे, म्हणजे मिळून एक अक्षर होणाऱ्या चिन्हांचे, नियम आहेत. २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियमही आला, एक्सटर्म.जेएसला अक्षरगुच्छांचं एक प्रायोगिक अ‍ॅड-ऑन आहे. पण सर्व्हरवरची बॅश (आदेश घेणारा प्रोग्राम), व्हिम आणि टीमक्स आपापल्या जुन्या मोजमापाने चालणार. पडदा म्हणतो तीन, बॅश म्हणते पाच, आणि ओळ संपादित करताना कर्सर भलतीकडे. म्हणून मोजमाप बदलू नका असं मी म्हणेन. फक्त रंगवणं बदला.

एक्सटर्म.जेएसमध्ये 'कॅरॅक्टर जॉइनर' नोंदवता येतो. प्रत्येक ओळीचा मजकूर तुमच्या फंक्शनला मिळतो आणि कुठून कुठपर्यंतचा भाग एकत्र रंगवायचा ते तुम्ही सांगता. प्रोग्रामिंगच्या फॉन्टमधल्या जोडचिन्हांसाठी हे वापरतात. ०९०० ते ०९७एफ मधली सलग चिन्हं शोधून त्यांच्या हद्दी परत करा. शब्द एकसंध जाईल, घरांचा हिशेब तोच राहील.

आडगाव_मोबाइलवरून
शुक्रवार, सकाळी ७.३०

फोनवरून टाइप करणाऱ्यांसाठी एक भर. ब्राउझरच्या टर्मिनलमध्ये टायपिंग एका लपलेल्या मजकूर चौकटीतून जातं. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर बहुतेक बटणांचा क्रमांक २२९ येतो, म्हणजे 'अजून शब्द जुळवतोय'. उच्चारावरून मराठी लिहिणाऱ्या कीबोर्डमध्ये शब्द पूर्ण होईपर्यंत टर्मिनलला काहीच मिळत नाही, कधी दोनदा मिळतं. माझ्या फोनवर इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीने हा त्रास गेला, तिथे प्रत्येक बटणाचं चिन्ह लगेच जातं.

आणि बॅकस्पेस. कॅटने नवी फाइल लिहिताना अक्षर खोडलं आणि एकच बाइट गेला, दोन उरले, असं झालं तर 'एसटीटीवाय आययूटीएफ-८' द्या. मग कर्नल पूर्ण चिन्ह खोडतं. एसएसएचच्या मानकात ही खूण पाठवण्याची सोय २०१७ साली आली, पण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला ती आपणच लावावी लागते.

दिंडोरीकर
रविवार, दुपारी १.१५

जॉइनर लावला. त्या मुलाने आणि मी काल संध्याकाळी बसून केलं, दहा ओळींच्या आत झालं. वेलांटी श च्या आधी आली. नाशिकला पाच घरं राखलेली असतात आणि नाव तीनेक घरांत मावतं, त्यामुळे शब्दानंतर मोकळी जागा जास्त दिसते. याद्यांचे रकाने मात्र सरळ राहतात, कारण मोजमाप हललं नाही. ओळीच्या मध्ये जाऊन एखादं अक्षर दुरुस्त करायचं तर कर्सर अक्षरावर न दिसता पुढे दिसतो. त्यासाठी सगळ्यांना सांगितलंय की शब्द खोडून पूर्ण लिहा. आययूटीएफ-८ आणि ताईंची रेघांची ओळ दोन्ही घातल्या, टीमक्सही.

सकाळी पॅकहाउसच्या संगणकावर वणीच्या एका काकूंनी स्वतः यादी उघडली. वणी, ओझर, अंबड, छाटणीच्या तारखा, सगळं ओळीने खाली आलं. त्यांनी आपल्या बागेच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं फवारणीची तारीख सोळा टाकलीये, अठरा होती." मी तिथेच दुरुस्त केली.

जॉइनरचा कोड उद्या नवीन धाग्यात टाकतो, मेनरोड दादांच्या जुन्या फाइलींचंही तिथेच बघू.